किनाऱ्यावरची कोरडी हवा

मी आज जो काही आहे तो माझ्या भूगोलाच्या सरांमुळे. आमच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी रांगेत माझ्यासोबत सर उभे होते.

त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, आखातातल्या एका किनारी शहरात नोकरी करतो. नेदरलँड्सला येण्याआधी मीही त्याच शहरात होतो. यंदा मे महिन्यात तो कामासाठी इकडे आला, तेव्हा हूफडॉर्पला माझ्याकडे जेवायला आला. पोळीचा पहिला तुकडा मोडतानाच म्हणाला, "जुलैत बाबांना घेऊन जातोय. दम्याला कोरडी हवा बरी. ते स्वतःच म्हणतात, वाळवंटात बरं वाटेल."

माझा घास हातातच राहिला. वाळवंट खरं, पण समुद्राला चिकटलेलं. उन्हाळ्यात दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि कुणीतरी तोंडावर गरम, ओलं फडकं दाबल्यासारखं होतं. पाऊस नाही, तरी सकाळी गाड्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं आणि धुळीचा चिखल होतो. गार पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो. धडधाकट असून मी बसस्टॉपपर्यंत जाताना धापा टाकायचो. त्या शहराचा माझा राग अजून गेलेला नाही.

"जुलैत नको, डिसेंबरात ने," मी म्हणालो.

"डिसेंबरात कशाला? मुलांना सुट्टी जुलै-ऑगस्टात, आम्ही दोघंही कामावर. आजोबा बघतील नातवंडांकडे."

"म्हणजे दमा त्यांचा आणि सोय तुमची."

त्याने ताट सरकवलं. "बाबांनी तुला शिकवलं, दत्तक नाही घेतलं. घरात एसी आहे."

"दोन महिने कोंडून ठेवणार त्यांना?"

"आणि गावात एकटे असताना धाप लागली तर कोण धावणार? तू? इथून सायकलवर?"

भात न खाताच तो गेला.

मी सरांना फोन लावला आणि तिकडच्या हवेचा विषय काढला. त्यांनी उलट मलाच विचारलं, "वाळवंटातली हवा कशी असते? काय शिकवलं होतं?" ते हसले, आणि हसता हसता खोकत राहिले. सवयीने मी म्हणालो, "कोरडी, सर." त्यांचं चुकलं असं आम्हा विद्यार्थ्यांपैकी कुणी त्यांना कधी म्हटलेलं नाही. फोनवर ते मला जमणार नव्हतं. ऑफिसात साहेबांशी बोललो आणि मग हे पत्र पाठवलं:

"सर, नमस्कार.

फोनवर मी 'कोरडी' म्हणालो. त्या शहरापुरतं ते खरं नाही. तुम्ही शिकवलंत ते आतल्या भागातलं वाळवंट. तिथे समोर उथळ, तापलेला समुद्र आहे आणि त्याची वाफ उन्हाळाभर शहरावर बसून राहते. मलाच तिथे धड श्वास घेता येत नव्हता. जुलैत जाऊ नका.

दादाचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, तुम्ही एकटे राहू नये. मी जुलै-ऑगस्टची बिनपगारी रजा घेतली आहे. नातवंडांनाही गावीच बोलवा, आपण दोघं सांभाळू. पुढच्या खोलीतली खाट माझ्यासाठी ठेवा. डिसेंबरात मी स्वतः तुम्हाला तिकडे पोचवीन.

माझ्यावर रागावलात तरी चालेल. त्याला तिकीट तेवढं काढू देऊ नका."