ओट्यावरचं ऊन

नाशिकचा आमचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा मी आणि आई इंदूरला राहत होतो. तिकडची सगळी धावपळ शिंदेबाई नावाच्या एजंट करत होत्या. गिऱ्हाइकांना दाखवण्याआधी घर झाडूनपुसून झालं, तसा त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला.

हॉल लगेच ओळखू आला. स्वयंपाकघर मात्र परकंच वाटलं. ओट्यावर चक्क ऊन पडलं होतं.

"खिडकीची लाकडी दारं फुगून गच्च बसली होती," बाई म्हणाल्या. "सुताराकडून मोकळी करून घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं. उजेड असला की घर लवकर जातं."

त्या ओट्याशी आईने बावीस वर्षं भर दिवसा ट्यूबलाइट लावून स्वयंपाक केला. सुरुवातीला ती खिडकीचं सांगायची आणि मी "बघू रविवारी" म्हणायचो. पुढे तिने सांगणं सोडलं. मला वाटलं, झाली असेल सवय. घरातलं माणूस गप्प झालं की आपण त्याचा किती सोयीचा अर्थ लावतो! शिंदेबाईंना ती खिडकी पहिल्याच फेरीत दिसली, कारण त्यांना ते घर विकायचं होतं. मला त्यात नुसतं राहायचं होतं.

आई फोनवर वाकली. "मागे कडुनिंब आहे होय?" ती म्हणाली. "मला नुसती पाखरं ऐकू यायची."

मी फोन तिच्या हातात दिला. तेवढ्यात शिंदेबाईंनी विचारलं, "काकू, ठेवू का आता फोन?"

"थोडा वेळ धरा ना तसाच," आई म्हणाली.