जाळीची माया

शिलाईवालीचा विश्वास फार थोड्या गोष्टींवर होता आणि माणूस त्यात मोडत नसे. गिऱ्हाइकानं कापड आणलं की ती ते त्याच्यासमोर मोजायची. बोटभर कमी भरलं तर तोंडावर सांगायची. बटणं वाटीत टाकून आकडा मोठ्यानं म्हणायची. "अहो, माझीच बटणं मी कशाला चोरू?" असं कुणी हसून विचारलं, तरी ती हसत नसे. तरुणपणी अकरा वर्षं तिनं कपड्यांच्या कारखान्यात काढली होती. तिथे रोज संध्याकाळी फाटकावर बायकांच्या पिशव्या उपड्या केल्या जात, डबे उघडले जात, अंबाडे चाचपले जात. तिच्याकडे अकरा वर्षांत एक चिंधीही सापडली नाही. पण चाचपायची ती सवय तिच्याबरोबर घरी आली ती कायमची.

म्हणून परसातल्या सात कोंबड्यांपैकी एक नाहीशी झाली, तेव्हा तिनं खुराड्याच्या जाळीच्या कुंपणाकडे पाहिलंच नाही. तिनं नणंदेकडे पाहिलं.

नणंद, म्हणजे वन्सं, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. तीन महिन्यांपूर्वी एक बॅग आणि दुखरे गुडघे घेऊन त्या आल्या होत्या. नवरा गेल्यावर त्या बेकरीवाल्या दिराकडे राहत. पिठाच्या पोत्यांच्या खोलीत झोपत आणि उठल्यापासून ट्रे घासत. शिलाईवालीचा नवरा म्हणजे त्यांचा भाऊ. तो आता नव्हता, पण जायला त्यांना दुसरं घरही नव्हतं. "राहते थोडे दिवस," एवढंच त्या म्हणाल्या. शिलाईवालीनं मान हलवली आणि मनात म्हटलं, बघू या.

"वन्सं, खुराड्याचं दार उघडं टाकलंत?"

"नाही गं. कडी लावली होती."

"मग ठिपकी काय रजा टाकून गेली?"

प्रत्येक कोंबडीच्या पायात शिवणातून उरलेल्या कापडाची पट्टी होती आणि पट्टीवरून तिचं नाव. ठिपकी गेली, पाचव्या दिवशी निळी गेली. रक्त नाही, आरडाओरडा नाही. शिलाईवालीनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. चार दिवसांनी चौकटीही गेली. कुलूप जागच्या जागी.

तेव्हा तिनं दाराच्या आत, घोट्याइतक्या उंचीवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत पांढरा दोरा ताणून बांधला. आणखी एक कोंबडी गेली आणि दोरा तसाच राहिला. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरेच्चा, म्हणजे दारातून कुणी आलंच नाही. शिलाईवाली गुडघ्यावर बसली, चष्मा पुसला आणि गाठ निरखली. ही गाठ आपली नाही, असं तिला वाटलं. दोरा तोडून पुन्हा बांधण्याइतकी हुशारी या घरात आणखी एकाच व्यक्तीकडे होती.

मग पुरावे आपोआप जमत गेले. वन्संच्या कपड्यांची कड चिखलानं भरलेली असे. धुवायला टाकलेल्या त्यांच्या स्वेटरच्या खिशात एकदा तांबूस पीस निघालं. दुपारी "जरा पडते" म्हणून त्या खोलीत जात आणि शिलाईवाली मशीन थांबवून कान देई, तर खोलीत श्वासाचाही आवाज नसे. विकत असतील का? कुणाला देत असतील? गुडघे दुखतात म्हणणारी बाई दुपारची जाते कुठे?

तिनं विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतं. तिनं बेकरीवाल्या दिराला फोन लावला.

"कोंबड्या जातायत घरातून. मी काय म्हणतेय ते समजून घ्या. रविवारी येऊन वन्संना घेऊन जा."

"बरंच झालं," दीर म्हणाला, "इकडे ट्रे नुसते साचलेत."

हे शेवटचं वाक्य तिला जरा टोचलं. पण फोन ठेवून झाला होता.

शनिवारी दुपारी तिनं शाळेच्या रंगमंचाचे पडदे पिशवीत कोंबले आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडली, "वन्सं, पडदे देऊन येते! तास लागेल!" फाटक आपटलं. मग घराला वळसा घालून ती परसात आली आणि न्हाणीघरात शिरून दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. आतल्या ओल्या बादलीनं तिची चप्पल भिजली. आपल्याच घरात आपण चोरासारखे लपलोय, हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं ते तेवढ्यापुरतं बाजूला सारलं.

वन्सं आल्या. इकडेतिकडे पाहिलं. हातातल्या घमेल्यात दगड होते. कुंपणाच्या मागच्या कोपऱ्याशी त्या एका हातानं गुडघा धरून हळूहळू खाली बसल्या, आणि जाळीच्या तारांत अडकलेली पिसं एकेक करून काढून खिशात घालू लागल्या.

"सापडलात!" शिलाईवाली बाहेर आली. "काय चाललंय हे, वन्सं?"

वन्सं दचकल्या, हातातला दगड पायावर पडता पडता राहिला. मग त्यांनी नुसतं बोट दाखवलं. जाळीखाली माती उकरून खड्डा केला होता. एखादं सडपातळ जनावर पोटावर सरपटत सहज आत येईल एवढा.

"कोल्हीण आहे. मागच्या नाल्यात पिल्लं असणार तिची, भर दुपारी येते. दोनदा पाहिली मी. मी रोज बुजवते, ती रोज शेजारी नवीन उकरते."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी दाराची कडी लावली म्हटलं, ते तुला पटलं होतं का? आता कोल्ह्याची गोष्ट सांगितली असती तर म्हणाली असतीस, ही म्हातारी कोल्ह्याचं नाव घेते. म्हटलं, निदान पिसं तरी दिसू नयेत तुला. दिसली की तू मलाच धरशील."

शिलाईवाली अगदी तेच म्हणाली असती, शब्दसुद्धा तेच.

"जाळी कुणी कापली ही?" वन्संनी विचारलं.

"मी."

"जमिनीला टेकली आणि संपली. अगं, एवढी शिवणारी तू, आणि खाली माया सोडली नाहीस?"

शिवणीच्या आत दाबायला जास्तीचं कापड सोडतात, ती माया. परकराला सोडायची, उशीच्या अभ्र्यालासुद्धा सोडायची. दुकानदार म्हणाला होता, "बाई, हातभर रुंद घ्या, खाली दुमडायला लागेल." तिला वाटलं, हा गळ्यात मारतोय. तिनं बोट न् बोट मोजून नेमकी जाळी कापून घेतली होती.

ती तडक दुकानात गेली आणि हातभर रुंदीची नवी जाळी घेऊन आली. बेकरीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. वन्संना सांगावं, असं तिच्या तीनदा ओठांवर आलं आणि तिन्ही वेळा तिनं पक्कड मागितली.

रविवारी सकाळी त्या दोघी कुंपणाशी बसल्या होत्या. नवी जाळी जुन्या जाळीला तारेनं टाके घालून जोडायची आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरून वर दगड ठेवायचे. "जनावर कुंपणाच्या मुळाशीच उकरतं," वन्सं सांगत होत्या. "हातभर मागे सरून उकरावं, हे त्याला सुचत नाही." तेवढ्यात फाटकाशी टेम्पोचा भोंगा वाजला.

"भावजी? तुम्ही इकडे कुठे?"

"तुमच्या भावजयीनंच बोलावलं की, वहिनी." दीर मोकळेपणानं म्हणाला. "कोंबड्यांची चोरी होतेय म्हणाली. बॅग भरली ना?"

वन्संनी वळून पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोल्हीण आहे ती," शिलाईवाली घाईघाईनं म्हणाली. "माझी चूक झाली. त्या येणार नाहीत. जा तुम्ही."

"हो का?" वन्सं आता तिच्याकडेच पाहत होत्या. "घालवताना मला विचारलं नाहीस. ठेवून घेतानाही विचारत नाहीस."

टेम्पोचं इंजिन चालूच होतं. शिलाईवालीच्या हातात तारेचा तुकडा होता. तो ती सरळ करत राहिली.

"राहाल का, वन्सं?"

वन्संनी खाली पडलेली पक्कड उचलली. मग दिराला म्हणाल्या, "लांबून आलात, चहा पिऊन जा. आमचं काम अर्धं राहिलंय." आणि पुन्हा गुडघा धरून खाली बसल्या.

शिलाईवाली शेजारी बसली.

"आज मी तुझ्याशी बोलणार नाही."

"बरं."

"उद्याही नाही."

"बरं."

"आणि तार नीट ओढून धर. सैल राहिली की तिथूनच शिरेल."