मधुकरच्या हातचा सूर्य

छपाईच्या फळीवरून टी-शर्ट उतरला आणि त्यावरचा गोल सूर्य लांबट झाला. दगडू पाटलांनी टी-शर्ट दोन्ही हातांनी समोर धरला. ते सुरतेजवळच्या गोडादऱ्यातल्या लूम कामगारांच्या कबड्डी संघाचे कप्तान, मूळचे धुळ्याकडचे. संघाच्या टी-शर्टचा नमुना बघायला आले होते.

"हाऊ सूर्य शे का कोंबडीनं अंडं?" त्यांनी विचारलं.

मला बरं वाटलं. सकाळपासून मी याचीच वाट बघत होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सुरतेत, कतारगाममधल्या आमच्या युनिटमध्ये साड्यांचं स्क्रीन प्रिंटिंग चालायचं. टी-शर्टचं काम नवीन होतं. ते टेबल मी उभं केलं होतं आणि त्याचा मास्टर कोण, हे या ऑर्डरवर ठरणार होतं. माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. तेवढ्यात शेठ जयंतीभाईंनी साडीच्या टेबलावरून मधुकरला आणलं.

काम दिसायला सोपं असतं. लाकडी फ्रेमवर नायलॉनची बारीक जाळी ताणतात, ती स्क्रीन. जाळीवर केमिकलचा थर देऊन तिच्याखाली डिझाइनची फिल्म ठेवतात आणि प्रकाश देतात. उजेड लागला तिथे थर कडक होतो. डिझाइनच्या काळ्या भागाखाली तो मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. त्या मोकळ्या जागेतून रंग खाली उतरतो. रंग ओढायला रबराची पट्टी लावलेला लाकडी दांडा असतो, तो स्क्वीजी.

मधुकरने स्क्वीजी ओढला की चहाला निघालेली माणसं थांबून बघत. रंग कडेपर्यंत सारखा, रेघ कापल्यासारखी. मी छापताना कोणी थांबल्याचं मला आठवत नाही.

पण त्याला साडीची सवय होती. साडी टेबलावर ताणून पिना लावतात. तिचं कापड फारसं वाढत नाही. टी-शर्टचं कापड म्हणजे होजियरी, ती स्वेटरसारख्या विणीची असते. आडवी ओढली की वाढते, सोडली की आखडते. मधुकर टी-शर्टसुद्धा साडीसारखा ताणून फळीवर चिकटवत होता.

"ताणू नकोस," मी सकाळीच म्हणालो. "होजियरी आहे. आखडेल."

"ढिल्या कापडावर माझी रेघ फाटते, भाऊ. तुम्ही तुमचं बघा ना."

मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, "तुझे कपडे से तकलीफ है के मधुकर से?"

रंग पक्का करण्याच्या हीट प्रेसवर शोभाताई असायच्या. त्या तिकडूनच ओरडल्या, "शेठ, काहीतरी जळतंय हो! माझं मशीन तर बंद आहे."

सगळे हसले. मधुकरही.

त्यामुळे दगडू पाटलांच्या हातात तो लांबट सूर्य बघून मी लगेच पुढे झालो.

"आ शुं थयुं?" शेठनी विचारलं.

"ताणून छापल्यामुळे. मी सांगितलं होतं." तिथेच थांबायला हरकत नव्हती. मी पुढे म्हणालो, "आणि हे दुरुस्तही होणार नाही. माणसाचा हात दर वेळी वेगळा ताणतो. प्रत्येक सूर्य वेगळा निघेल. बघा."

मी नमुन्याचे सगळे टी-शर्ट एकावर एक ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले.

सगळ्या सूर्यांची कड एकच दिसत होती. कुठेही दुसरी रेघ नव्हती.

शोभाताई म्हणाल्या, "अगंबाई, साच्यातून काढल्यासारखे!"

मधुकर जवळ आला. त्याने माझ्या हातातले टी-शर्ट नीट निरखले.

"शेठ, सगळे सारखेच आखडतात," तो म्हणाला. "मग सूर्यच तेवढा आडवा फुगवून काढायला सांगा. आखडला की गोल होईल."

शेठनी आर्टिस्टला बोलावलं. दुसऱ्या दिवशी नवी स्क्रीन आली. तिच्यावरचा सूर्य दाबलेल्या भोपळ्यासारखा होता. मधुकरने टी-शर्ट ताणला, छापला, उतरवला. पुन्हा आलेल्या दगडू पाटलांनी आपल्या डब्याचं झाकण त्यावर ठेवलं. कड झाकणाला बरोबर मिळाली.

"आते जमनं, भो!" ते म्हणाले, आणि मधुकरच्या पाठीवर थाप मारली.

जेवणाच्या सुट्टीत टेबल रिकामं होतं. मी त्याच स्क्रीनने, मधुकरसारखंच ताणून, बाद टी-शर्टांवर छापून पाहिलं. एक सूर्य उभा निघाला, एक आडवा, एक एका बाजूला कललेला. ते मी कोणी यायच्या आत पोत्यात टाकले.

टेबल मधुकरला मिळालं. मला रंग कालवण्याच्या खोलीत पाठवलं. तिच्या खिडकीतून ते टेबल समोरच दिसायचं.

पुढे मी स्वतःचं छोटं युनिट काढलं. होजियरी ताणून छापू नये, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. हात एकसारखा असेल तर ताणूनही छापता येते, हे मात्र सांगत नाही.