गुडघ्यानं दाबायचा नळ

"तिकडे भारतात यांच्या घरी नळ कुठले असायला," शेताचा मालक म्हणाला आणि हसला.

मी नव्या बेसिनपुढे हात पसरून उभी. नळाला चावीच नव्हती. वर शोधली, खाली शोधली. शेजारी लांडराट्सआम्टमधून, म्हणजे जर्मनीतल्या जिल्हा कचेरीतून तपासणीला आलेल्या बाई उभ्या होत्या. त्याही कसनुसं हसल्या. मालकानं पुढे होऊन बेसिनखालची पट्टी गुडघ्यानं दाबली. पाणी आलं. "बघ, असं," तो म्हणाला. लहान मुलीला शिकवावं तसं.

मी हात धुतले. सांगितलं होतं म्हणून हसलेसुद्धा. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

कोरोनात माझं कॅफेमधलं काम गेलं. युनिव्हर्सिटी बंद, खोलीचं भाडं चालू. म्हणून इंगोलश्टाटच्या पुढे एका खेड्यात श्पार्गेल काढायला गेले. मातीच्या वरंब्यातले त्या भाजीचे पांढरे कोंब, वाकून एकेक कापायचे. मजुरांनी शेताबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियम. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या शेतांना सरकारी मदत आली. त्यातून मालकानं आमच्यासाठी संडास आणि हात धुवायची खोली बांधली. पांढऱ्या फरश्या. दारावर पाटी. आणि कुलूप.

"तपासणी होईपर्यंत स्वच्छ राहायला हवी. तुम्ही घाण कराल."

मग आम्ही बायका झुडपांमागे जायचो. एकीनं बसायचं, एकीनं राखण करायची. माझी राखण मारिया करायची आणि तिची मी. ती रुमानियाची, माझ्या आईच्या वयाची. पाळीच्या दिवसांत मी पाणीच प्यायचे नाही. हे आईला फोनवर कधी सांगितलं नाही. आईला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. माझ्या पोरीच्या वाट्याला हे नको, म्हणून तिनं राबून मला शिकवलं. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की जर्मनीत येऊन मी झुडपामागे बसते?

तपासणीच्या सकाळी कुलूप निघालं. मला जर्मन येतं म्हणून मालकानं मला निवडलं. "हसत हात धुऊन दाखव. विचारलं तर म्हण, रोज वापरतो."

आणि मी नळाची चावी शोधत बसले.

"होईल सवय हळूहळू," त्या बाई म्हणाल्या. समजुतीनं. तीच समजूत मला झोंबली.

"नळ मला माहीत आहेत," मी म्हणाले. "ही खोली माहीत नाही. आज पहिल्यांदा आत आले. हिला कुलूप असतं."

मालक लाल झाला. "म्हणजे, तिला जर्मन नीट येत नाही."

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सावकाश. दारात मारिया उभी होती. तिला जर्मन येत नव्हतं, पण विषय कळला होता. तिनं मालकाच्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथं किल्ली लटकत होती.

बाईंनी किल्ली पाहिली. आणि गाडीत बसून निघून गेल्या. दुपारी मालकानं माझी बॅग फाटकाबाहेर ठेवली.

जिल्ह्याच्या गावी, स्टेशनवरून आईला फोन केला. सगळं सांगितलं, झुडपांसकट. सांगताना मान वर होईना. मला वाटलं, आई आता रडेल.

"काम गेलं ते जाऊ दे," ती म्हणाली. "किल्ली आता कुणाकडे आहे?"

मला माहीत नव्हतं. मी तेवढं बोलले आणि निघून आले. मारियाच्या राखणीला आता कोण असेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. आईच्या त्या प्रश्नानं मला मालकाच्या हसण्यापेक्षा जास्त लाज वाटली.

गाडी आली. मी चढले नाही. बॅग उचलली आणि समोरच्या माणसाला लांडराट्सआम्टचा रस्ता विचारला. कचेरी बंद असेल तर दारात बसेन. त्या खोलीची किल्ली मारियाच्या हातात पडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.