वार्षिकरावांचं नाव घेते...

खरकटी भांडी आणि वर्गातले किस्से, दोन्हींचं दुखणं एकच. आवरून हात पुसेपर्यंत पुढची रास तयार! मी कोल्हापुरातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. संध्याकाळी घरी एखादा किस्सा सुरू केला की नवरा म्हणतो, "हा कालच सांगितलास." मी म्हणते, "कालचा वेगळा होता. पोरं तीच, वर्ग तोच, आणि डोकंही माझंच उठलंय!" म्हणून या वर्षीचे तेवढे इथे सांगून टाकते. घरच्यांना जरा सुट्टी.

* * *

सगळ्याचं मूळ एका प्रशिक्षणात आहे. विषय होता, 'विज्ञानाच्या वर्गात आंतरिक प्रेरणा'. म्हणजे पोरांनी मार्कांसाठी किंवा बक्षिसासाठी शिकायचं नाही. आतून वाटतंय म्हणून शिकायचं. तज्ज्ञ बाई इतक्या छान बोलल्या की मी अगदी भारावून गेले.

शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मग आमच्याच शाळेतले गणिताचे सर उठले. मला अभिमान वाटला, चला, आपल्या शाळेचा माणूस बोलतोय!

"मॅडम, सर्टिफिकेट आजच मिळतंय, की मागनं येतंय?"

तज्ज्ञ बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "चहानंतर मिळेल. आधी दिलं तर कुणी थांबत नाही हो!"

* * *

तरी मी पेटलेली होतेच. सोमवारी मुख्याध्यापक चौगुले सरांकडे गेले आणि शनिवारचा एक तास मागितला. प्रयोगशाळेत घ्यायचा, मार्क नाहीत, वही तपासणं नाही, काही नाही.

"मार्क न्हाईत? मग पोरं कशापायी यायची?"

"कुतूहलापोटी, सर."

"शनवारची सकाळची शाळा, मॅडम. पोटात नाष्टा नसतोय पोरांच्या, कुतूहल कुठलं!"

पण माणूस वाईट नाही. म्हणाले, "दिवाळीपर्यंत घ्या. संस्थेचे सचिव स्वतः येऊन बघतील. त्यांना फरक दिसला तर तास तुमचा. न्हाय दिसला, तर तिथं टेस्ट सिरीज."

मला तो तास हवा होता. हट्टाने हवा होता. आठवडाभर मी पोर्शन ओढत असते. निदान एक तास तरी मला शिकवायचं होतं!

* * *

पहिल्या शनिवारी मी पडदे ओढले, चिमट्यात मॅग्नेशियमची फीत धरली आणि पेटवली. काय तो पांढराशुभ्र उजेड! चाळीस-पन्नास पोरं पुढे झुकलेली. एकाचंही तोंड मिटलेलं नाही. मनात म्हटलं, जिंकलो!

पहिल्या बाकावरून हात वर आला. स्नेहल. वर्गात पहिला नंबर, आणि पेनांच्या पाच रंगांशिवाय जी कधी पाणीसुद्धा प्यायला उठत नाही अशी मुलगी. मी अधीर होऊन म्हटलं, "बोल, स्नेहल, बोल!"

"मॅडम, हे किती मार्काला?"

फीत संपेपर्यंत मी चिमटा धरून ठेवला. संपल्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

* * *

मग मी फर्मान काढलं. शनिवारच्या तासाला 'मार्क', 'पेपर', 'परीक्षा' आणि 'वार्षिक' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जो काढेल त्याने तासभर टेस्ट ट्यूबा धुवायच्या.

एक शनिवार बरा गेला. दुसऱ्या शनिवारी लिटमस पेपर चालला होता, तेवढ्यात स्नेहल उठली. मान खाली, बोटाभोवती ओढणीचं टोक.

"मॅडम, एक विचारू? हे... ह्यांच्यात येतंय काय?"

"कुणाच्यात?"

"ते... ज्यांचं नाव घ्यायचं न्हाय, त्यांच्यात!"

वर्ग फुटला! पोरं बाकं बडवायला लागली. मीही चिडून बोलून गेले, "नाव घ्यायला एवढी लाजतेस, तर उखाण्यात घे!"

पोरगी कसली वस्ताद! क्षणभर छताकडे बघितलं आणि खणखणीत म्हणाली,

"लिंबाच्या रसात निळा लिटमस झाला लाल,
वार्षिकरावांना ह्यातलं किती येतंय, सांगाल?"

टेस्ट ट्यूबा त्या दिवशी मीच धुतल्या. शिक्षा द्यायला तोंड होतं कुठे?

* * *

यानंतर मी प्रश्नपेटी ठेवली. जगातलं काहीही विचारा, नाव लिहू नका. आठवडाभर पेटीत चॉकलेटचे कागद आणि 'मॅडम, तुम्ही घरी पण असंच ओरडता काय?' एवढंच जमलं.

आणि एका शनिवारी पेटी गच्च भरलेली! झाकण लागेना! मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बोलावून दाखवली. बघा म्हटलं, आतून आलंय, आतून!

पहिली चिठ्ठी उघडली. 'आकाश निळे का दिसते?' दुसरी उघडली. 'आकाश निळे का दिसते?' पाचवी, आठवी, दहावी, आकाश काही संपेना. मधूनच 'समुद्र खारट का असतो?' यायचं, आणि तेही डझनाने.

चौकशी केली तेव्हा कळलं. नववीची निम्मी पोरं ज्या ट्यूशनला जातात, तिथल्या सरांना पेटीची बातमी लागली होती. त्यांनी एक संध्याकाळ खर्चून पोरांना 'कुतूहलाचे संभाव्य प्रश्न' लिहून दिले होते!

एका चिठ्ठीखाली कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'उत्तर देऊ नये. नोट्समध्ये आहे.'

* * *

सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. सोहेल नावाचा एक पोरगा होता. त्याला खरोखरच प्रश्न पडायला लागले. मी खूश. पण पालकसभेला त्याचे वडील आले ते तरातरा चालतच. त्यांचं शिलाईचं दुकान आहे.

"मॅडम, काय शिकवलाय ह्याला? सणाच्या तोंडावर, शिलाईच्या ऐन सीझनला, माझी मशीन खोलून बसला की!"

"का खोलली?"

"म्हणतोय, खालचा दोरा वरच्या दोऱ्याला धरतोय कसा ते बघायचं हाय! अरे, तुझ्या आज्ज्यापासनं धरतोय, धरू दे की!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, "अहो, किती चांगला प्रश्न आहे! मग दिसलं का त्याला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बिघाड कुठे आहे ते त्यांना आत्ता कळलं. हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरगं मार्क पाडायला पाठवलंय, प्रश्न पाडायला न्हाय!"

* * *

आणि मग तो शनिवार आला. सचिव साहेब येणार. आदल्या दिवशी चौगुले सरांनी मला बोलावून सांगितलं, "प्रयोग न चुकणारा घ्या. कुतूहलाचं मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. त्यांनी वर्गात जाऊन चार पोरांना चार प्रश्न वाटून दिले होते. पाठ करून यायचे, आणि साहेबांसमोर 'सहज सुचल्यासारखे' विचारायचे!

मी साधा प्रयोग घेतला. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये उभी मेणबत्ती, आणि पेटल्यावर तिच्यावर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढतं. सचिव साहेब मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फोन. शेजारी चौगुले सर.

मी काडेपेटी हातात घेतली. काडी ओढायच्या आधीच पहिल्या बाकावरचा पोरगा ताडकन उठला.

"मॅडम! ग्लासात पाणी वर का चढलं?"

मेणबत्ती अजून पेटलेलीच नव्हती! साहेबांनी फोनमधून मान वर केली. चौगुले सर पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं, गेला आपला तास. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

गपचूप मेणबत्ती पेटवली, ग्लास ठेवला. ज्योत विझली, पाणी चढलं. स्नेहल उठली आणि नोट्समधलं घडाघडा म्हणाली, "ज्वलनात ऑक्सिजन संपतो, त्याची रिकामी जागा पाणी घेतं."

"न्हाय," मागून सोहेल म्हणाला.

"काय न्हाय?" स्नेहल वळली.

"जळत होतं तवा कुठं चढलं? विझल्यावर चढलं की! ऑक्सिजन तर जळताना संपला न्हवं?"

स्नेहलने ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, परत लावा."

परत लावली. ती बाकावरून उठून टेबलाशी आली. तिच्यामागून सोहेल. "आधी बुडबुडे बाहेर आले, बघितलास काय?" "कुठलं बुडबुडं?" "ते बघ, कडंनं!" मग सगळा वर्गच टेबलाभोवती. कुणी म्हणे दोन मेणबत्त्या लावा, कुणी म्हणे मोठा ग्लास आणा. चौगुले सर मागून खुणा करत होते, राहिलेले तीन प्रश्न, राहिलेले तीन प्रश्न! ते ज्यांना दिले होते, ती पोरं टेबलाखालून पलीकडे घुसत होती.

सुट्टीची घंटा झाली. बाहेर वडापाववाल्यापाशी बाकीची शाळा लोटली. इथे कुणी हललं नाही.

तेवढ्यात सचिव साहेब उठले, पुढे आले आणि पोरांच्या मागे, बरोबर खिडकीसमोर उभे राहिले. ग्लासावर त्यांची सावली पडली.

स्नेहलची नजर ग्लासाच्या कडेला खिळलेली. तिने मागे वळूनही बघितलं नाही. नुसता हात हलवला आणि ओरडली, "ओ पावणं, सरका की तिकडं! मी बघालोय न्हवं!"

चौगुले सरांनी डोळे मिटून घेतले.

पावणं सरकले. मग इस्त्रीची पँट गुडघ्यांपाशी वर ओढली, पोरांच्या मधल्या फटीत उकिडवे बसले, आणि म्हणाले, "मॅडम, परत एकदा लावा. बुडबुडं बघायचं राह्यलं माझं."