काळ्या चष्म्याआड

रात्री गाढ झोपलात तरच बीपी उतरेल, दुपारी डोळा लावू नका, असं डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला बजावलंय. म्हणून दुपारी समोरासमोर बसून आम्ही भिजलेले वाल सोलतो. मी बोलते, हे ‘हं’ म्हणतात.

आज ह्यांच्या नाकावर माशी बसली, तरी हात हलेना. मोतीबिंदूचा काळा चष्मा अलगद उचलला. डोळे मिटलेले!

“अहो, मी घर सोडून चालले.”

“हं.”

“परत यायची नाही.”

“हं, बरोबर.”

बाई गं! म्हणून रात्री ह्यांना झोप नसते, आणि “जागी आहेस का गं?” म्हणून मला उठवतात. एका अंथरुणातला एक जागा राहिला की दुसऱ्याचीही झोप जातेच. मीही वेडी, सोबत म्हणून जागत बसते.

झोपेचं एक वेळ सोडून देईन. पण इतक्या वर्षांच्या ‘हं’मधले जागेपणीचे किती, ते आता कुणाला विचारू?