तो की ती

आज दुपारी बेलापूरला, मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांसमोर बोलत होते. नवीन मंडळींसाठी सांगते, मी स्वतःचं मूल दत्तक दिलेली आई आहे. दत्तकाचे नियम बदलावेत म्हणून अर्धं आयुष्य भांडतेय.

बोलून झाल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचं मूल आता चाळिशीचं असेल ना? मग अजून 'ते' काय म्हणता? तो किंवा ती म्हणा ना."

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."



ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीत तेव्हा नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. माझं लग्न झालेलं नव्हतं. दवाखान्यात नर्सने माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. बाळाचं रडणं मी ऐकलं. विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "विचारू नको. जीव अडकतो."

सही घेतली त्या कागदावरही नुसतं 'बालक' होतं.

तेव्हापासून माझी एकच मागणी आहे, सहीच्या आधी बाळ आईच्या हातात द्या. साहेब लोक म्हणतात, "मॅडम, त्याने त्रास होतो." कोणाला, असं विचारलं की चहा मागवतात.

आज घरी येऊन मोठ्याने म्हणून बघितलं. माझा मुलगा. माझी मुलगी. दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तुमचं बाळ झालं तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं, मुलगा की मुलगी? कोणत्या शब्दांत? खाली लिहा. मला ते वाक्य वाचायचंय.